जिचा चेंडू, ती मधात

चंद्रपूरला निघाले तेव्हा आईनं एवढंच विचारलं, "तिकडं टेनिस खेळतात?" आम्हा सांगलीकरांना नागपूरच्या पुढं नुसतं जंगल आणि वाघ आहेत असं वाटतं. त्यातलं निम्मं खरं निघालं, हे मी आईला अजून सांगितलेलं नाही.

मी टेनिस खेळते, आणि तेच माझं पोट आहे. यात फार ऐट नाही. टीव्हीवर दिसतात त्या बायका वेगळ्या. आम्ही खालच्या स्पर्धांतल्या. सोमवारी एका गावात हरायचं, रात्री हॉटेलच्या बेसिनमध्ये मोजे धुवायचे, ओले मोजे बॅगेच्या बाहेर लटकावून पुढच्या गावाला निघायचं. सात वर्षं झाली, हेच चाललंय आणि मला ते आवडतं. आवडत होतं म्हणूया, कारण गेल्या दिवाळीच्या सुमाराला माझी सर्व्हिस गेली.

टेनिस न पाहणाऱ्यांसाठी सांगते. डाव सुरू करताना डाव्या हातानं चेंडू वर फेकायचा आणि उजव्या हातातल्या रॅकेटनं समोरच्या चौकटीत मारायचा. एकदा चुकलं तर माफ, लागोपाठ दोनदा चुकलं की गुण समोरचीला. यातलं वर फेकण्याचं काम शेंबडं पोरही करेल. माझी बोटं मात्र ऐन वेळी चेंडू सोडेनाशी झाली. तो उशिरा सुटायचा, डोक्यामागं जायचा, आणि मी मारलेला फटका चौकट सोडून थेट मागच्या जाळीवर. सरावात एकटी असताना हात व्यवस्थित चालायचा. चार माणसं बघायला आली की बोटं मिटायची. डॉक्टर झाले, व्यायामाच्या बाई झाल्या, मन शांत करणारे एक गृहस्थही झाले. मार्चअखेरीस पात्रता फेरी आहे. मला शिकवणाऱ्या सरांनी सांगून टाकलंय की तिथं हात चालला नाही तर मग थांबूया. थांबून काय करायचं, ते त्यांनाही सांगता आलं नाही आणि मलाही सुचलं नाही.

अशात वैशालीचा फोन आला. पुण्याच्या हॉस्टेलवर आम्ही एका खोलीत राहिलो, दुहेरीत एकत्र खेळलो. गुडघ्यानं दगा दिल्यावर ती तिच्या मुलखात परतली. आता आलापल्लीच्या पुढं, जंगलात आत, मुलींच्या एका आश्रमशाळेत खेळ शिकवते. "माह्या पोरींनी खरी खेळाडू कधी पाह्यलीच नाई. ये न," ती म्हणाली. मी हाताचं सांगितलं. ती म्हणाली, "मंग हात घेऊनच ये."

गडचांदूर

पहिला मुक्काम वैशालीच्या आईवडिलांकडं. काका सिमेंटच्या कारखान्यात होते, आता निवृत्त. कारखान्याच्या कॉलनीत साहेबांसाठी टेनिसचं मैदान होतं. लहानपणी वैशाली तिथं चेंडू उचलायची आणि साहेब जेवायला गेले की खेळायची. गाव तसं ठसठशीत, पण झाडांची पानं पांढुरकी, कुणी पिठात घोळून काढावीत तशी. जेवणाआधी मी बुद्धाच्या तसबिरीखाली जमिनीवर आडवी झाले होते, तेवढ्यात खाणीत सुरुंग उडाला आणि खिडकीच्या काचा थरथरल्या. मी ताडकन उठून बसले. काकू भाजी चिरत होत्या, त्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

जेवायला वांग्याची भाजी, लाखोळीच्या डाळीचं वरण आणि भात. काकूंनी विचारलं, "वरून सांबार टाकू का?" मी म्हटलं, नको, भातावर वरण आहे ना, वर सांबार कशाला? त्या गोंधळल्या. हातात बारीक चिरलेली कोथिंबीर. इकडं कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे वैशालीनं हॉस्टेलवर मला शंभरदा सांगितलं असेल. ती ठसका लागेपर्यंत हसली, मीही हसले. बऱ्याच दिवसांनी पोट भरून जेवले.

जेवण झाल्यावर काका सुपारी कातरत बसले होते. त्यांनी सरळ विचारलं, "तुह्या हाताले काय झालं म्हने?"

मी नेहमीचं पाठ केलेलं सांगायला लागले. दडपण असतं, मेंदूचा आणि बोटांचा ताळमेळ जातो, एक प्रकारचा अडथळा तयार होतो. काकांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे भेव लागते," ते म्हणाले.

मला राग आला. दुपारभर मी त्यांच्याशी धड बोललेही नाही. इतक्या लोकांनी इतके शब्द वापरले होते, पण 'भीती' हा शब्द माझ्यासमोर कुणी उच्चारला नव्हता. मीही नाही. संध्याकाळी माझी मलाच लाज वाटली, म्हणून त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि म्हटलं, हो काका, लागतं भेव. ते म्हणाले, "लागतेच," आणि मला सुपारी दिली.

आलापल्लीची वाट

आष्टीला वैनगंगेचा पूल ओलांडला की झाडं उंच होत जातात. आमच्याकडं सगळं हिरवं ते ऊस. दूरवर दिसतं, डोळ्यांना अडवत नाही. इथं रस्त्याच्या दोन्ही अंगांना साग, आणि त्याच्या आत काय आहे ते दिसत नाही. फेब्रुवारी सरत आला होता, पानगळ चालू होती. सागाचं वाळलेलं पान म्हणजे पापडाएवढं. ते खाली पडतं तेव्हा कुणीतरी पाऊल टाकल्यासारखा आवाज होतो. अशी हजारो पावलं सगळीकडून ऐकू येत होती.

आलापल्लीला बसमधून उतरलो आणि वैशालीच्या स्कूटरवर पुढं निघालो. गावात तिनं घाई केली. मला चहा हवा होता, तिनं घेऊ दिला नाही. "ऊन हाये तवर पोचू," म्हणाली. प्रत्येक वळणावर ती हॉर्न वाजवायची, समोर चिटपाखरू नसलं तरी. मी विचारलं, कुणासाठी? ती म्हणाली, "त्याच्यासाठी."

कोण 'तो' हे मला कळलं. पुढचे तीन दिवस मी त्या परिसरात वाघ हा शब्द कुणाच्याच तोंडून ऐकला नाही. 'तो' आला होता, 'तो' नाल्यावर दिसला, 'त्यानं' गाय नेली. बाकी सगळ्या जनावरांना नावं होती.

मग व्हायचं तेच झालं. मला लघवीला लागली. मी बराच वेळ दम धरला, शेवटी स्कूटर थांबवायला सांगितली. वैशालीनं इंजिन चालूच ठेवलं. मी झुडपामागं जाऊ लागले तर ओरडली, "कुठी चालली? इथीच बस, रस्त्यावर." आणि ती माझ्याकडं पाठ करून जंगलाकडं तोंड करून उभी राहिली आणि मोठमोठ्यानं बोलायला लागली. हॉस्टेलच्या मेसची पातळ आमटी, आमचे हरलेले सामने, खोलीतला घरघरणारा पंखा. त्या जंगलाला आमच्या मेसची सगळी गाऱ्हाणी ऐकवून झाली तरी माझं काही होईना. भीतीनं आखडलं होतं सगळं. एका अंगाला पानं वाजली. वैशालीचा आवाज आणखी चढला, पण तिच्या मानेवरचे केस उभे राहिलेले मला मागून दिसत होते. कसंबसं उरकून मी उठले. निघताना रस्त्याकडेच्या फुफाट्यात एक ठसा दिसला, माझ्या पंजाएवढा. मी बोट दाखवलं. "पाहू नको, बस," ती म्हणाली. शाळेच्या फाटकापर्यंत तिनं हॉर्नवरचा अंगठा काढला नाही.

मैदान

शाळेमागचं टेनिसचं मैदान पाहून मी खरंच हरखले. मुलींनी जमीन चोपून शेणानं सारवली होती, चुन्यानं रेघा मारल्या होत्या आणि मधे मासे धरायचं जुनं जाळं ताणून बांधलं होतं. आमच्याकडं सिंथेटिक मैदानाला बारीकशी चीर गेली तरी खेळाडू तोंड वाकडं करतात. इथं शनिवारी सगळ्या मिळून सारवतात आणि वाळेपर्यंत कोंबड्या हाकलत बसतात.

मैदानाची एक बाजू शाळेकडं आणि दुसरी थेट जंगलाकडं. तिथं तारेचं कुंपण होतं, ते हत्तींनी आडवं केलं होतं. जंगलाच्या बाजूला दोन मुली मैदानाकडं पाठ करून, झाडांकडं बघत उभ्या होत्या. मला वाटलं शिक्षा झालीय. वैशाली म्हणाली, "राखन हाये." खेळ चालू असताना दोघींनी जंगलावर नजर ठेवायची. पाळी बदलत राहते. ज्यांची पाळी असते त्यांना सामना नुसता ऐकू येतो.

मुली मराठी बोलायच्या आणि आपसात गोंडी. माझ्या दंडाला हात लावून बघत होत्या. स्वयंपाकीण कमलाबाईंनी रात्री आंबील दिली, घट्ट ताकासारखी, आणि मी ती मिटक्या मारत प्यायले. पण सगळं बघताना एक गोष्ट विसरता येत नव्हती. उद्या यांच्यासमोर चेंडू वर फेकायचा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळी शाळा बसली. माझ्यासमोर सुमी नावाची सडपातळ मुलगी, वैशालीच्या मते सगळ्यांत हुशार. ती जंगलाकडच्या बाजूला, मी शाळेकडं. मी चेंडू हातात घेतला आणि सगळं गप्प झालं. तीच ती शांतता, ज्यात माझी बोटं मिटतात.

बोटं मिटली. चेंडू डोक्यामागून सुटला, मी कसातरी मारला, आणि तो सुमीच्या डोक्यावरून, रेघांवरून, पडलेल्या कुंपणावरून झाडांत गेला.

"जंगल!" पंचाच्या जागी बसलेली मुलगी ओरडली.

मी शरमेनं लाल झाले. इतक्या वर्षांच्या सवयीनं, आणि त्या सगळ्या डोळ्यांपासून पळायचं म्हणूनही, मी जाळ्याला वळसा घालून धावत सुटले, आपला चेंडू आपणच आणावा म्हणून. कुंपण ओलांडलं, दोन झाडं मागं टाकली, आणि मागून जो आरडाओरडा झाला तो मी जन्मात विसरणार नाही. पोरी किंचाळत होत्या. वैशाली दुखऱ्या गुडघ्यानं धावत आली, तिनं माझा दंड धरून मला मागं खेचलं. मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं, तेव्हा पाहिलं.

"मराले आली का तू इथी?" ती म्हणाली. "काऊन पयाली एकटी?"

मग मला तिथला नियम कळला. आमच्याकडं चेंडू आत पडतो नाहीतर बाहेर. इथं तिसरा शब्द आहे. 'जंगल' म्हटलं की खेळ थांबतो, गुण कुणालाच नाही, आणि सगळ्यांनी मिळून चेंडू आणायला जायचं. दोन्हीकडच्या खेळाडू, पंच, बघणाऱ्या, कमलाबाई ताट आणि पळी घेऊन. कुणी एकटीनं पुढं जायचं नाही, मागं एकटीनं राहायचंही नाही. काठ्या घ्यायच्या, ताट वाजवायचं, मोठ्यानं बोलायचं. उन्हं सागाच्या शेंड्याला लागली की त्यानंतर गेलेला चेंडू गेलाच. आणि ज्या मुलीच्या हातून गेला तिनं घोळक्याच्या मधोमध चालायचं.

"तिनंच का मधे?" मी विचारलं.

उत्तर कमलाबाईंनी दिलं. "लाज वाटली की मानूस पुढं पयते, बाई. आपल्यानं झालं तर आपनच आनू, असं वाटते त्याले. म्हनून जिचा चेंडू, ती मधात."

मागच्या वर्षी सुमीची मावशी अशीच गेली होती. शेळ्यांची राखण तिच्याकडं होती, एक शेळी नाल्यापलीकडं राहिली. घरचे बोलतील म्हणून कुणाला न सांगता ती एकटी परत गेली. हे सुमीनंच मला सांगितलं, काठी जमिनीवर टेकवत, अगदी साध्या आवाजात.

मग आम्ही सगळ्या गेलो आणि मी मधात. आत पाच पावलांवर ऊन संपलं. बाहेरून कोवळ्या वाटणाऱ्या त्या पोरी ताट बडवत, शेंगदाण्याच्या चटणीबद्दल ओरडून बोलत चालल्या होत्या, आणि एकेकीच्या चेहऱ्यावर भीती लख्ख दिसत होती. कुणी ती लपवत नव्हतं. सुमीनं माझा डावा हात धरला. तिचा तळवा घामानं चिंब होता.

"तुमचा हात हालून राह्यला," ती म्हणाली.

"तुझाही हलतोय."

"हो. भेव लागते न."

चेंडू सापडला. आम्ही परत आलो. मी पुन्हा फेकला, पुन्हा जंगल. पुन्हा सगळ्या उठल्या, कमलाबाईंनी पुन्हा पळी उचलली. मी वैशालीला म्हटलं, पुरे, माझ्यामुळं या लेकरांना आत जावं लागतंय, मी नाही खेळत. ती म्हणाली, "त्याइलेच इचार." मी विचारलं. पोरी एकमेकींकडं बघून गोंडीत काहीतरी बोलल्या आणि सुमी म्हणाली, "आमच्यानं बी जाते, मॅडम. आमी आनतो. खेळा."

तिसऱ्यांदा गेलो तेव्हा वानर ओरडलं, 'तो' दिसला की ओरडतं तसं. खोकल्यासारखा खर्जातला आवाज, डोक्यावरच्या झाडातून, एकदा, मग पुन्हा पुन्हा. ताट थांबलं. सगळ्या जागच्या जागी. पुढं कुठंतरी एक चितळ किंचाळलं. मी सुमीचा दंड धरला. खरं सांगते, त्या क्षणी माझ्या मनात पात्रता फेरी नव्हती, सर नव्हते, हात नव्हता. फक्त पाठीला लागलेल्या त्या पोरींची अंगं होती. कमलाबाई हळूच म्हणाल्या, "पाठ दावू नका. मांगं सरका." आम्ही सगळ्या एका मोळीसारख्या, एकमेकींच्या पायावर पाय देत मागं सरकलो. झाडांमधे काही हललं की नाही, मी शपथेवर सांगू शकत नाही. सुमी म्हणते, हललं. आम्ही मैदानात आलो आणि राखणीच्या दोघी आमच्यात येऊन घुसल्या. कमलाबाईंनी एकेकीला बोट लावून मोजलं. चेंडू आतच राहिला.

मला वाटलं, झालं, संपलं. पण वैशाली खोलीत गेली आणि एक चेंडू घेऊन आली. लव गेलेला, करडा झालेला. जुने सगळे फुटले होते किंवा जंगलात गेले होते. मी सांगलीहून आणलेला नव्या चेंडूंचा डबा पोरींनी शाळेच्या सामन्यांच्या उद्घाटनासाठी हार घालून कपाटात बंद करून ठेवला होता आणि किल्ली मुख्याध्यापिकांबरोबर गावाला गेली होती. म्हणजे आजच्यापुरता हाच. उन्हं सागाच्या शेंड्याला लागली होती. हा गेला तर आणायला कुणी जाणार नव्हतं, आणि पोरींचा आजचा खेळ तिथंच बंद.

"खालून टाकू?" मी वैशालीला विचारलं. खालून, लहान मुलं टाकतात तसा, चेंडू आत पडलाच असता. नियमात बसतं ते.

"तुले जसं टाकाचं तसं टाक."

समोर सुमी वाकून उभी होती. तिच्या पाठीमागं ते जंगल होतं, नुकतंच ज्यातून आम्ही सरकत बाहेर आलो होतो. ती मागं वळून बघत नव्हती. तिची नजर माझ्या चेंडूवर होती. राखणीच्या दोघी पुन्हा आपल्या जागी, झाडांकडं तोंड करून. कमलाबाईंनी ताट मांडीवर धरलं होतं. पळी तयार.

भेव होतं. नेहमी होतं तेवढंच, कदाचित जास्त. मी या वेळी त्याला दूर करायच्या भानगडीत पडले नाही. हात हलत होता, तसाच वर नेला. बोटं उघडली की नाही हे मला कळलं नाही, कारण मी डोळे मिटले होते. आयुष्यात पहिल्यांदा डोळे मिटून रॅकेट फिरवली. तारांना चेंडू लागला तो नीट लागला, एवढं मनगटाला समजलं. मग मी पंचाच्या ओरडण्याची वाट पाहत राहिले.

कुणी ओरडलं नाही. पलीकडून रॅकेटचा आवाज आला. डोळे उघडले तेव्हा सुमीनं परतवलेला चेंडू माझ्या उजव्या हाताला, रेघेच्या आत टप्पा घेऊन शाळेच्या भिंतीवर आदळत होता. मी जागची हललेही नव्हते.

"शून्य-पंधरा," वैशाली म्हणाली. पोरींनी सुमीसाठी जो गलका केला त्यात राखणीच्या दोघींपैकी एकीनं मागं वळून पाहिलं, आणि लगेच पुन्हा झाडांकडं तोंड केलं. एका चिमुरडीनं भिंतीशी जाऊन चेंडू आणला, फ्रॉकला पुसला आणि माझ्या हातात ठेवला. आता तो पुन्हा टाकायचा होता.